विष्णू घाटे यांचे नव्या वर्षाचे बेत

वर्गात जायला चार मिनिटं होती तेव्हा गौरांगकडून एक फोटो आला. जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर, शिक्षकांच्या खोलीत, विनता घाटे उभ्यानंच चहा पीत होती. डिसेंबरची अठ्ठावीस तारीख, खिडकीची काच थंडीनं धुरकट झालेली. फोटो हिंदी वर्तमानपत्राच्या कात्रणाचा होता. त्यात तिचे बाबा होते, अंगणातल्या लोखंडी खुर्चीत बसलेले, तिच्या धाकट्या भावानं, अनिमेषनं पाठवलेलं राखाडी जाकीट घातलेले. आणि त्यांच्या दोन्ही तळहातांवर, देवाचं काही धरावं तशी आडवी, तिची सुरी होती. तेंदूच्या मुठीची. त्या मुठीत काळ्या लाकडातून एक पिवळसर रेघ जाते, ती रेघ बोटाच्या बरोबर खाली यावी म्हणून तिनं लाकूड तीनदा फिरवून कापलं होतं. फोटोखाली गौरांगनं लिहिलं होतं, "विनताजी, ये तो आपकी वाली है ना? बाबूजी भी बनाते हैं, ये आपने कभी बताया नहीं." तिनं दोन बोटांनी कात्रण मोठं केलं. मथळा होता : छिहत्तर की उम्र में भट्टी का जुनून, नए साल में बनाएँगे चौबीस चाकू.

चौबीस. हा आकडा तिचा होता. खालचा मजकूर वाचता वाचता तिला कळत गेलं की आकडाच काय, सगळंच तिचं होतं. ब्रेड कापायची दातेरी सुरी. एकाच पट्टीतून तीन सारख्या सुऱ्या, वजनात पाच ग्रॅमचाही फरक नको. शिसम बंद, फक्त तेंदू. मार्चपर्यंत डाव्या हातानं वापरणाऱ्यांसाठी एक. आणि शेवटी, प्रत्येक पात्यावर स्वतःची खूण, "वि". पुढे पत्रकारानं कंसात लिहिलं होतं, वि यानी विष्णू. पाच ग्रॅम की दहा, यावर तिनं एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. दहा लिहून खोडलं होतं. या जगात दुसऱ्या कुणाला तो पाचाचा आकडा सुचला नसता. तिनं भट्टीच्या शेडच्या दाराला आतून चिकटवलेला बेतांचा कागद बाबांनी वाचला होता, बहुधा चष्मा डोक्यावर सारून, नाक कागदाला लावून, आणि बाहेर येऊन पत्रकाराला सांगितला होता.

सुऱ्या करणाऱ्या हौशी लोकांचा एक ग्रुप होता, अकरा जणांचा. कुणी इंदूरचा बँकवाला, कुणी नाशिकची बाई, कुणी रायपूरचा शिंपी. जबलपुरातले दोघंच, विनता आणि हा गौरांग, जो दिवसभर लोकांचे दात काढतो आणि रविवारी पाती घासतो. दर डिसेंबरात सगळ्यांनी आपापले बेत लिहायचे आणि मागच्या वर्षाचे किती झाले ते कबूल करायचं, असा त्यांचा रिवाज. मागच्या वर्षी तिनं अठरा लिहिल्या होत्या आणि अकरा केल्या. या वर्षी चोवीस लिहिताना हात थांबला होता, जसा परीक्षेच्या फॉर्मवर सही करताना थांबायचा. यादी तिनं अजून ग्रुपवर टाकलीही नव्हती. एकतीसला टाकणार होती. आता टाकली तर ती बाबांची नक्कल वाटेल.

घंटा झाली. ती वर्गात गेली आणि चाळीस मुलांना क्रमपर्याय शिकवले. सात खुर्च्या, सात माणसं, दोघं शेजारी बसणार नाहीत. खडू दोनदा तुटला. आपला आवाज नेहमीसारखाच येतोय हे तिला दुरून ऐकू येत होतं आणि त्याचाच तिला संताप येत होता, की या आवाजात काहीच कसं उतरत नाही. चाळीसांपैकी कुणालाच काही जाणवलं नाही. सेहेचाळीस वर्षांची घाटे मॅडम, निळा स्वेटर, नीट अक्षर.

परत जाताना ती सदर बाजारात थांबली, कारण बेबीदीदीच्या पोह्यांच्या दुकानातली सुरी धार लावायला न्यायची होती. ती सुरी विनतानंच दिवाळीत दिली होती, बेबीदीदी रोज दहा किलो कांदा चिरते म्हणून, मूठ जाड ठेवून. बेबीदीदीनं सुरी कागदात गुंडाळून दिली आणि हसून म्हणाली, "आज पेपर में पिताजी को देखा. अच्छा, तो ये उन्हीं के हाथ का है? मैं तो तभी सोची थी, इतना सीधा काम लड़की के हाथ से कैसे निकला." विनता म्हणाली, "दीदी, मैंने बनाया है." "हाँ हाँ, मदद तो करती होगी," बेबीदीदी म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. विनता स्कूटरपाशी आली, किल्ली लावली, आणि किल्ली फिरवायचं विसरून कितीतरी वेळ तशीच बसली. तिला वाटलं, आत्ता परत जावं, पोह्यांची ती कढई उलटी करावी. मग रांझीतल्या घरापर्यंतच्या अख्ख्या रस्त्यात ती मनात बाबांशी बोलत होती, आणि मनातसुद्धा प्रत्येक वाक्य "बाबा, तुम्ही" असंच सुरू होत होतं, आदरानं, आणि तिथंच अडत होतं.

बाबा अंगणात उन्हात बसले होते, मांडीवर पेपर. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे दुधाळ झालेले. ऑपरेशन पुढं ढकलून ढकलून तीन हिवाळे गेले होते.

"पेपरवाल्यांना तुम्ही काय सांगितलं?" तिनं हेल्मेट न काढताच विचारलं.

"आली का तू. ती पोरगी आली होती, श्रद्धा नाव तिचं. पेन्शनरांवर लिहून राहिली होती. मला म्हणे, अंकल, आप दिनभर क्या करते हैं. मी म्हटलं, चल दाखवतो."

"काय दाखवतो? तुम्ही आयुष्यात एक तरी सुरी केली?"

"चौतीस वर्षं फॅक्टरीच्या फोर्ज शॉपमध्ये, लोहारकामावर, चार्जमन होतो मी. लोखंड मला नको शिकवू."

"मी सुरीचं विचारून राहिले, बाबा."

"घर माझं आहे, शेड माझी, ऐरण माझी," बाबा म्हणाले, आवाज न चढवता. "एकाच घरातलं आहे. काय फरक पडते? तू काहून एवढी चिडून राहिली?"

फरक. हेल्मेटच्या आत तिचा श्वास काचेवर धुकं करत होता. फरक काय पडतो हे सांगायला तिला सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं, आणि ती सुरुवात बाबांनी पाहिली होती. त्यांच्या समोरच झाली होती. ती अकरा वर्षांची आणि अनिमेष आठचा, तेव्हा दर रविवारी बाबा शेड उघडायचे, कोळसा पेटवायचे आणि अनिमेषला ऐरणीपुढं उभा करायचे. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. आत गेली तर बाबा म्हणायचे, "तू आईकडे जा, इथं ठिणग्या उडतात." ठिणग्या अनिमेषच्याही अंगावर उडायच्या; तो रडायचा, हातोडा टाकून पळायचा, बाबा त्याला समजावून परत आणायचे. एका हिवाळ्यात त्यानं एक हूक केला, भिंतीवर ठोकायचा, वाकडा. बाबांनी तो फॅक्टरीत नेऊन दोस्तांना दाखवला. मग अनिमेषला क्रिकेट सापडलं आणि शेडला कुलूप लागलं. कोळशाच्या ढिगात उंदरांनी घरं केली. विनतानं गणित घेतलं, एम.एस्सी. केलं, शिकवू लागली, लग्न राहिलं ते राहिलंच, आणि चाळिसाव्या वर्षी, आईचे गुडघे गेल्यावर, तिनं त्या कुलपाची किल्ली मागितली.

आईला विळीवर बसता येईना. बाजारातल्या सुऱ्या तिच्या संधिवाताच्या बोटांना धरवत नव्हत्या. इंदिराबाई घाटे, जिनं या घरात चाळीस वर्षं भाजी चिरली, ती ओट्याशी उभी राहून गाजराशी झटापट करत होती आणि आतल्या आत रडत होती. विनतानं ते पाहिलं. मग रिछाईला गेली, जिथं ट्रकच्या कमानी दुरुस्त होतात, आणि तुळशीराम नावाच्या एका माणसाकडून तुटक्या कमानीचा तुकडा मागितला. तो हसला नाही. त्यानं विचारलं, किसके लिए? ती म्हणाली, माँ के लिए. त्यानं चांगला तुकडा निवडून दिला आणि सांगितलं, "बेटा, इसको पानी में मत डालना, चटक जाएगा. तेल में बुझाना. और टिक की आवाज़ आए तो समझना, गया." एवढंच तिला कुणी शिकवलेलं. बाकी सगळं ती पाती फोडून शिकली. एकोणीस पाती तडकली. एकोणीस वेळा ती टिक तिनं ऐकली आणि दर वेळी ती पोटात ऐकू आली. विसावं पातं टिकलं. आईच्या हाताच्या मापाची, वाटाण्याच्या शेंगेसारखी फुगीर मूठ. आईनं त्या सुरीनं तीन वर्षं भाजी चिरली, जाईपर्यंत. आणि बाबांनी ती भाजी तीन वर्षं खाल्ली आणि एकदाही विचारलं नाही की ही सुरी कुठून आली. शेडमधून ठोकल्याचा आवाज आला की दार लावून घ्यायचे.

संध्याकाळी अनिमेषचा बंगलोरहून फोन आला. "ताई, मस्त ना? बाबा एकदम खूष आहेत. मी ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवलं."

"अनिमेष, ती सुरी मी केली आहे. ते बेत माझे आहेत."

"हो, मला अंदाज आला होता. पण ताई, या वयात त्यांना असं काही मिळून राहिलं तर मिळू दे ना. तुला काय, तू तर करतेच आहेस. तुला नावाची कधी पडली होती?"

तिनं फोन ठेवला. अंदाज आला होता. म्हणजे त्याला माहीत होतं, आणि माहीत असूनही त्याला ते मस्त वाटलं होतं. तिला नावाची कधी पडली नव्हती हे खरं होतं, आणि ते खरं असण्याचा इतरांना एवढा उपयोग होत होता याचा तिला घृणा येण्याइतका राग आला. तो राग ती ताटावर घेऊन बसली, अंथरुणात घेऊन झोपली, सकाळी चहाबरोबर तो परत वर आला, कडवट, हिरड्यांपाशी. दोन दिवस ती बाबांशी फक्त औषधांच्या वेळा बोलली. बाबांना ते जाणवलं की नाही कळलं नाही. ते फोन घेत होते. फॅक्टरीचे जुने लोक, समाजातले कुणी, एक डॉक्टर. "हो, हो, तेंदूच," ती त्यांना सांगताना ऐकायची. "शिसम अब बंद." ते इतक्या सहज बोलायचे की क्षणभर तिला वाटायचं, खरंच बहुतेक त्यांचेच बेत असतील.

एकतीस तारखेला दुपारी श्रद्धा व्हिडिओ घ्यायला आली. तिशीची, हसरी, पायात पांढरे बूट. तिनं विनताला नमस्कार केला. "दीदी, आप बहुत लकी हैं, ऐसे पापा मिले." मग शेडमध्ये डोकावून म्हणाली, "यहाँ तो बहुत अँधेरा है. भट्टी बाहर आ सकती है? धूप में अच्छा आएगा."

शेडमध्ये अंधार होता कारण विनतानं तो ठेवला होता. खिडकीला तिनं पोतं लावलं होतं. तापलेल्या लोखंडाचा रंग अंधारातच खरा दिसतो. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला की काढायचं, पळसाच्या फुलासारखा केशरी झाला की उशीर झालेला असतो. उन्हात केशरीही काळपट दिसतो. हे ती सांगू शकली असती. पण बाबा म्हणाले, "हाँ हाँ, बाहर लाते हैं," आणि तिच्याकडे वळून, "विनता, आण गं." तिनं पत्र्याच्या डब्याला आतून माती लिंपून केलेली आपली गॅसची भट्टी उचलली, उन्हात आणून विटांवर ठेवली, नळी जोडली. बाबा शेडमध्ये गेले आणि चाचपडत मांडणीवरून एक पातं घेऊन आले. ते यादीतल्या तीन सारख्या पात्यांमधलं पहिलं होतं, डिसेंबरातच हाती घेतलेलं. दहा दिवस तिनं ते कानशीनं घासलं होतं. ते नको, दुसरं घ्या, असं ती म्हणू शकली असती. बाबांनी फॅक्टरीची जुनी टोपी घातली, सांडशीत पातं धरलं आणि आगीत सरकवलं. त्यांचे हात मात्र अजून सुंदर होते. सांडशी एवढीशीही हलत नव्हती. तेवढं त्यांचं होतं, चौतीस वर्षांचं, आणि ते पाहून तिच्या रागाला क्षणभर वाट सापडेना.

"तेल मी इथं ठेवलं आहे," ती म्हणाली.

"तेल बिल काही नाही. बालटी आण पाण्याची." मग श्रद्धाला, "पानी में आवाज़ आती है. छन्न करके. आपके वीडियो में अच्छा लगेगा."

तिनं बादली आणली. हे नंतर तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की बादली आपणच भरली, काठोकाठ, आणि त्यांच्या उजव्या हाताला येईल अशी ठेवली. भट्टीत पातं केशरी झालं होतं. उन्हात, दुधाळ डोळ्यांना, ते लालसुद्धा दिसत नसणार. बाबा थांबले होते, रंग यायची वाट बघत. ती तीन पावलांवर उभी होती. बाबा, बस, काढा. एवढे तीन शब्द. ते शब्द तिच्या तोंडात तयार होते आणि ती दात घट्ट मिटून उभी राहिली, आणि तिला माहीत होतं की ती काय करते आहे. पातं कडेला पिवळं पडू लागलं. मग बाबांनी ते बाहेर काढलं आणि पाण्यात खुपसलं. छन्न झालं, वाफ उठली, श्रद्धा "वाह, अंकल!" म्हणाली, आणि त्या सगळ्याच्या खाली, बादलीच्या तळातून, टिक.

ती तिनं ऐकली. बाबांनीही ऐकली, त्यांची मान एवढीशी वळली. पातं त्यांनी वर काढून कॅमेऱ्यापुढं धरलं. धारेपासून वर, केसासारखी एक रेघ. त्यांनी अंगठ्यानं चाचपून ती शोधली, अंगठा तिच्यावरच ठेवला आणि हसत म्हणाले, "थोड़ा लोहा कमज़ोर निकला. बेटी रिछाई से कबाड़ उठा लाती है. उसको क्या मालूम."

विनता पुढं गेली. तिनं बाबांच्या हातून सांडशी काढून घेतली. त्यांनी सोडली नाही तेव्हा ओढली. पातं शेडच्या दाराशी असलेल्या ऐरणीच्या कडेवर ठेवून हातोड्याचा एक ठोका दिला. त्याचे काचेसारखे दोन तुकडे झाले. तिनं तुटलेली कड कॅमेऱ्यापुढं धरली. "ये देखिए. चीनी जैसा मोटा दाना दिख रहा है? लोहा ठीक था. ज़रूरत से ज़्यादा गरम हुआ, और इस लोहे को पानी में नहीं डालते. वीडियो चालू है ना? चालू रखिए."

मग तिनं भट्टी एकटीनं उचलून शेडमध्ये नेली. डब्याची कड तापलेली होती, मनगटाला चटका बसला, तो तिला रात्री कळला. तिनं दुसरं पातं घेतलं. अंधारात ते हळूहळू लाल होताना पाहिलं, लोहचुंबक लावून पाहिला, तो चिकटला नाही, म्हणजे पातं पुरतं तापलं, तेव्हा मनात दहा मोजले आणि पातं सरळ तेलात सोडलं. आवाज असा झालाच नाही, नुसतं धुराचं एक वेटोळं. बाहेर काढून, पुसून, तिनं त्याच्यावर कानस ओढली. कानस काचेवरून जावी तशी घसरली; पातं कडक झालं होतं. ती बोलत होती, प्रत्येक पायरी, हिंदीत, वर्गातल्या आवाजात. श्रद्धा दारात उभी राहून व्हिडिओ घेत होती. "तो दीदी, आप भी करती हैं?" तिनं विचारलं.

"मैं ही करती हूँ. जो लिस्ट आपने छापी, वो मेरी है. वि मेरा है. इन्होंने आज तक एक चाकू नहीं बनाया."

श्रद्धानं मागं वळून पाहिलं. बाबा अंगणातल्या खुर्चीत बसले होते, टोपी गुडघ्यावर, बादलीकडे बघत. फार लहान दिसत होते. विनताला वाटलं होतं की हे बोलून झाल्यावर काहीतरी सुटेल, निदान खांदे तरी. तसं काही झालं नाही. राग जिथं होता तिथंच होता, उलट त्याला आता एक नवी, ओशट कड आली होती, कारण ते तीन शब्द तिनं गिळले होते. दहा दिवसांचं पातं तिनं बाबांच्या हातून फुटू दिलं होतं, त्यांची फजिती बघायला. अशा रागानं ती याआधी कुणाशी वागली नव्हती. त्याची तिला शरम वाटली आणि शरम वाटावी लागते याचा पुन्हा राग आला.

बातमी दोन जानेवारीला आली. सकाळी ती अंगणात आली तर बाबा पेपर मांडीवर घेऊन, हातात भिंग धरून बसले होते. मथळा होता : पिता के हुनर को आगे बढ़ा रही बेटी. फोटोत पुढं बाबा, टोपी घातलेले, हातात तिची तयार सुरी. मागं, थोडी अस्पष्ट, सांडशी धरलेली ती. मजकुरात म्हटलं होतं की विनता घाटे यांनी बालपणीच वडिलांच्या मांडीला मांडी लावून ही कला आत्मसात केली. तुटलेल्या पात्याचा उल्लेख कुठंच नव्हता.

"बघ," बाबा म्हणाले. "तुझंही नाव आलं. आता तर झालं ना?"

तिनं पूर्ण बातमी उभ्यानं वाचली. मग समोरच्या पायरीवर बसली. गेले पाच दिवस ती सारखी बोलत होती, मनात, स्कूटरवर, अंथरुणात. आणि आता तिला दिसलं की तिनं त्यांना एकच गोष्ट कधी विचारली नव्हती.

"बाबा, तुम्ही मला यातलं काय शिकवलं?"

बाबांनी भिंग खाली ठेवलं. तिला वाटलं, आता म्हणतील, ऐरण माझी, शेड माझी.

"काही नाही," ते म्हणाले.

"काहून नाही?"

"अनिमेषला शिकवत होतो ना."

"त्याला नव्हतं येत. तुम्हाला माहीत होतं."

"हो. आठ दिवसांत कळलं होतं. त्याच्या हातात नव्हतंच काही." बाबा तिच्याकडे बघत नव्हते; त्यांना एवढ्या लांबून ती नीट दिसतही नसणार. "तू एकदा आत येऊन सांडशी धरली होती. मी कोळसा आणायला गेलो तेव्हा. तुला वाटलं मी पाहिलं नाही. पहिल्याच वेळी नीट धरली होती तू."

"मग?"

"मग काय. तू शिकली असती." बाबांनी पेपरची घडी घातली, एकदा, दोनदा, कडांना कडा जुळवून. "तू शिकली असती, अन् तो पोरगा बाजूला उभा राहून बघत राहिला असता. ते मला पाहवलं नसतं."

त्यांनी हे गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. पलीकडच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं. विनता पायरीवर बसून राहिली. ती सांडशी तिला आठवत होती, तिचं वजन, गार टोकं, बाहेर बाबांच्या पावलांचा आवाज आल्यावर घाईघाईनं खाली ठेवताना झालेला खणखणाट. पस्तीस वर्षं तिला वाटत आलं होतं की बाबांना काही दिसलंच नाही. आणि ज्याला दिसलंच नाही अशा माणसावर ती आजवर चिडत आली होती, म्हणजे अर्धाच राग. त्यांना दिसलं होतं.